पहिला फोटो भय्यासाहेबांचा

प्रतिभाताईंनी आपल्या मुलाच्या मुंजीचा अल्बम गोपाळरावांच्या मांडीवर ठेवला आणि "तुमचा चहा बिनसाखरेचा, लक्षात आहे बरं माझ्या," म्हणत त्या आत गेल्या. गोपाळरावांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांना ठसका लागला. पहिल्या फोटोत बटू नव्हता, मांडव नव्हता. होतं ते टॉवर चौकातलं जिलेबीचं दुकान. आणि त्या दुकानापुढे मान वर करून, डोळे मिटून, लोंबती जिलेबी तोंडात सोडणारा माणूस खुद्द गोपाळकृष्ण पागे होता. फोटो इतका स्वच्छ आला होता की हनुवटीवरचा पाकाचा थेंबही चमकत होता.

शेजारी बसलेली त्यांची बायको जयू पदराने चष्मा पुसत होती. गोपाळरावांनी चार पानं एकदम उलटली.

"अहो, सुरुवातीपासून बघू द्या की!"

"सुरुवातीला काहीच नाहीये. हे बघ, बटूचा गोटा काय मस्त केलाय!"

जयूने चष्मा चढवला आणि गोटा बघितला. गोपाळरावांचा जीव भांड्यात पडला.

एका जिलेबीपायी माणसाने एवढं घाबरायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण प्रकरण साधं नव्हतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा गोपाळराव रिपोर्ट हातात घेऊन लहान मुलासारखे हिरमुसले होते, आणि जयू म्हणाली होती, "तुम्ही एकटे कशाला सोसता? मीही सोडते गोड." श्रीखंडाचं पातेलं बोटाने निपटून खाणारी ती बाई! त्या दिवसापासून घरातला साखरेचा मोठा डबा रिकामा होऊन फळीवर अगदी वर गेला, आणि पाहुण्यांपुरती साखर एका बारक्या बरणीत उरली. जयूचा हा त्याग आठवला की गोपाळरावांना भरून येई, आणि भरून आलं की त्यांना जिलेबी लागे. म्हणून बँक सुटली की ते "फिरायला" टॉवर चौकात जात. घरी परतल्यावर मात्र दुधीची भाजी आणि मोजका फुलका ते इतक्या सोशिकपणे खात की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटे. हे जयूला कळलं असतं तर ती भांडली नसती. ती नुसती गप्प बसली असती, आणि तेच गोपाळरावांना सोसलं नसतं.

आता हा फोटो मुंजीच्या अल्बमात आला कसा, तर भय्यासाहेबांमुळे. त्या वर्षांत उज्जैनमध्ये घरोघर कॅमेरे आले होते. कुणाचा मेहुणा दुबईहून आणी, कुणी हप्त्याने घेई, आणि सगळे कॅमेरे बिघडले की टॉवर चौकात भय्यासाहेबांच्या टेबलावर येत. भय्यासाहेब कॅमेरा उघडताना श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. इंदूरच्या लोकांनी हात टेकलेलं शटर त्यांच्या हाताखाली पुन्हा खट् करून वाजायचं. त्यांची अट एकच होती. दुरुस्तीनंतर नवा रोल घालायचा आणि पहिला फोटो त्यांनी काढायचा. संध्याकाळचं ऊन समोरच्या जिलेबीवाल्याच्या पाटीवर पडलं की ते दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसत, पाटीच्या अक्षरांवर फोकस लावत आणि बटण दाबत. अक्षरं चोख आली तर कॅमेरा चोख. पाटीखाली कोण उभं आहे, काय खातंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आणि लोकांचा त्या फोटोवर असा भरवसा बसला होता की पत्रिकेवर गणपती छापावा तसा तो अल्बमच्या पहिल्या पानावर लावत. भय्यासाहेबांचा फोटो चांगला आला म्हणजे पुढचं कार्य निर्विघ्न.

त्या रात्री गोपाळरावांना झोप आली नाही. ज्यांचे कॅमेरे बिघडले होते अशी घरं ते आठवू लागले, आणि प्रत्येक घराबरोबर त्यांना आपलं उघडं तोंड दिसू लागलं.

जिलेबी सोडणं हा एक उपाय होता. पण तो त्यांनी अगदी शेवटी ठेवला. आधी झालेले फोटो गोळा करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी बँकेतून ते थेट नंदाकडे गेले. नंदा जयूची मैत्रीण, त्यांच्याच नानाखेडा भागात राहणारी.

"अरे वा, भावजी! एकटेच?"

"इथून जात होतो. म्हटलं, तुमचा तो बारशाचा अल्बम राहिलाय बघायचा."

"बारशाचा? आमचा बंटी आता रांगायला लागला की हो!"

"म्हणूनच. फार उशीर झाला."

नंदा पाणी आणायला वळताच त्यांनी घाईघाईने पहिलं पान उघडलं. पानावर चार कोपरे चिकटवलेले होते आणि मध्ये फोटोच नव्हता. गोपाळरावांनी मनोमन महाकालाला हात जोडले. मग ते धीर करून प्रतिभाताईंकडे गेले. तिथेही चार कोपरे आणि मध्ये कोरा कागद!

"आमच्या अल्बमचं काय भाग्य आहे बाई," प्रतिभाताई म्हणाल्या. "सारखं कोणी ना कोणी बघायला येतंय. सकाळीच तर काढून दिला होता."

महाकाल पावला याबद्दल गोपाळरावांच्या मनात शंका उरली नाही. सोमवारी नारळ वाढवायचं ठरवून ते घरी आले, तर जयू दारातच म्हणाली, "अहो, आपला कॅमेरा अटकत होता ना? माझ्या भाचीचा, पल्लवीचा साखरपुडा तोंडावर आलाय. आजच नव्या रोलसकट भय्यासाहेबांकडे देऊन आले. गुरुवारी भजनी मंडळाहून येताना घेईन मी."

गोपाळरावांनी चपला काढल्या होत्या, त्या पुन्हा घातल्या.

"आता कुठे?"

"फिरायला. आज पाय मोकळे झालेच नाहीत."

भय्यासाहेब कुणाचा तरी फ्लॅश उघडून बसले होते. "आओ आओ, गोपाळराव! बसा. फक्त खोकू नका, स्क्रू बारीक आहे."

स्क्रू जागी बसेपर्यंत गोपाळराव थांबले. मग घसा न खाकरता म्हणाले, "भय्यासाहेब, एक सांगू? ती समोरची पाटी फिकी पडलीय हो."

"पाटी?"

"अक्षरं धूसर दिसतात. आता मला माहीत आहे, पाटीच तशी आहे. पण उद्या फोटो पाहून कोणी म्हणायचं, भय्यासाहेबांचा फोकस ढिला पडला."

भय्यासाहेबांनी पेचकस खाली ठेवला. "कौन बोला?"

"कोणी नाही! पण लोकांचा काय भरोसा?"

भय्यासाहेब उठले, बाहेर आले आणि कपाळाला हात लावून पाटी न्याहाळत राहिले. "बात तो सही है," ते हळूच म्हणाले. "रंग उडालाय. पंधरा वेळा रोज बघतो आणि माझं लक्षच नाही!" त्यांचा चेहरा इतका उतरला की गोपाळरावांना वाईट वाटलं. पण तेवढ्यात त्यांनी स्टूल उचललं आणि गर्रकन दुसऱ्या दिशेला मांडलं. "ते बघा, कोपऱ्यावरचा रबडीवाला. आत्ताच पाटी रंगवलीय, पिवळ्यावर काळं. आजपासून तिकडेच फोकस. गोपाळराव, तुमची नजर बडी तेज आहे हो! कधी जाता का त्या जिलेबीवाल्याकडे?"

"छे! मला साखर आहे ना."

आणि भय्यासाहेब आत गेल्यावर गोपाळराव रस्ता ओलांडून निर्धास्त मनाने जिलेबी खायला गेले. आदल्या दिवसापासूनचा घोर गेला होता, आणि ती त्यांना नेहमीपेक्षा गोड लागली.

साखरपुडा थाटात झाला. कॅमेरा एकदाही अटकला नाही. रोल धुऊन आला तेव्हा लॅबमधून पाकीट आणायला गोपाळराव स्वतःच गेले, आणि जिंकलेल्या माणसाच्या ऐटीत त्यांनी ते रस्त्यातच उघडलं.

पहिल्या फोटोत रबडीवाल्याची पाटी होती. पिवळ्यावर काळी अक्षरं, एकूण एक चोख. पाटीखाली जयू उभी होती. काखेत भजनाचे टाळ, एका हातात मातीचं कुल्हड, आणि कुल्हडात उरलेली रबडी ती बोटाने निपटून घेत होती. डोळे मिटलेले. अगदी श्रीखंडाच्या पातेल्यापाशी असायची तशीच.

गोपाळराव पहिल्यांदा भडकले. एवढे महिने आपण हिच्या त्यागापायी कळवळलो! हा फोटो आज ताटासमोर ठेवायचा आणि विचारायचं, हे काय आहे? पण ती विचारणार, स्टूल तिकडे फिरलं कसं? त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. किती खुशीत होती ती! इतकी खूश ती घरात हल्ली दिसली नव्हती, आणि त्यांना एकदम तिची दया आली. बिचारी दर गुरुवारी चोरून खात असेल. हा फोटो कुणाच्या हाती लागता कामा नये.

घरी आले तेव्हा जयू शेजारी गेलेली होती. फोटो फाडायला मन होईना. घरात कोणीही उघडत नाही अशी जागा एकच होती. गोपाळराव खुर्चीवर चढले, फळीवरचा साखरेचा मोठा डबा काढला आणि झाकण उघडलं.

आत फोटो होते. मुंजीचा, बारशाचा, आणखी कुणाकुणाकडचा, आणि प्रत्येकात गोपाळराव जिलेबी खात होते. खाली उतरून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी एकेक फोटो पाहिला. मग जयूचा फोटो त्यांनी सगळ्यात वर ठेवला, डबा जागच्या जागी ठेवला आणि फिरायला निघून गेले.

रात्री पानं वाढली. दुधीची भाजी होतीच. जयू नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, भय्यासाहेबांनी स्टूल का हो फिरवलं?"

"पाटी फिकी पडली होती म्हणे."

"कोण म्हणे?"

"लोक."

"हं." कितीतरी महिन्यांनी तिने न मागता आणखी एक फुलका त्यांच्या पानात वाढला. "मग त्यांना सांगा, लोकांचं काही ऐकू नका. स्टूल होतं तिथंच ठेवा. त्या बाजूने तुमचे फोटो फार छान येत होते."