मुकाट्यानं टाकलेला नांगर

ईस्टरच्या आधीच्या उपासात मी संत इलियासला एक नवस बोलले होते. आमच्या गावाच्या वर, जिथं बकऱ्यासुद्धा मध्ये थांबून दम खातात, तिथं त्याचं पांढरं देऊळ आहे. मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि म्हटलं, “बाबा, माझ्या थ्रासोसला त्या खुर्चीतून उठव. तो उठला, तर नेईल तिथं मी त्याच्याबरोबर जाईन आणि कुरकुरीचा एक शब्द तोंडातून काढणार नाही.”

(नवस बोलताना शब्द तोलून वापरावेत, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.)

थ्रासोस माझा नवरा. सगळा जन्म त्यानं आमच्या डोंगरात बस चालवली. निवृत्त झाला आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला. खिडकीतून स्टॉप दिसतो. सकाळची बस आली की म्हणायचा, “उशीर.” निघाली की म्हणायचा, “गिअर चुकला.” बाकी दिवसभर काही नाही. कॉफी प्यायला चौकात जाईना, मित्रांना भेटेना. जेवायला हाक मारली तर, “ठेव तिथं.” डॉक्टर म्हणाले, तब्येत बैलासारखी आहे. पण मला दिसत होतं, माझा माणूस माझ्यासमोर बसल्याबसल्या थोडा थोडा घरातून निघून चालला होता.

मग उन्हाळ्याच्या तोंडी मेनेलास आला. मेनेलास आमचा कुंबारो, म्हणजे लग्नात आमच्या डोक्यावरचे मुकुट बदलणारा. हे नातं सख्ख्या भावापेक्षा चिवट असतं, कारण भावाशी भांडता तरी येतं.

“कुंबारे,” तो थ्रासोसला म्हणाला, “मी शिडाची बोट शिकायला चाललोय. अथेन्सहून निघायचं, बेटाबेटानं फिरत शिकायचं. परीक्षा पास झालं तर दाखला देतात. येतोस?”

मी मनातल्या मनात हसले. आम्ही डोंगरातली माणसं, समुद्र आम्ही माशांच्या दुकानात पाहिलेला.

थ्रासोसनं विचारलं, “स्टिअरिंग असतं?”

“चाक असतं. तुझ्या बसच्या चाकापेक्षा मोठं.”

आणि थ्रासोस खुर्चीतून उठला.

मी घाईघाईनं देवाचे आभार मानले, आणि मानता मानताच पुढचं सगळं माझ्या लक्षात आलं. संत इलियास मूळचा खलाशी, समुद्राला कंटाळून तो डोंगरावर चढून बसला, असं आमच्याकडे म्हणतात. इतका कंटाळलेला देवमाणूस आपल्याला समुद्रावर पाठवणार नाही, असं मी धरून चालले होते. पण त्याला बहुधा त्याच्या जागी कुणीतरी पाठवायचंच होतं.

शिकवायला कॅप्टन अर्गिरो नावाच्या बाई होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, आवाज थेट आगबोटीचा. निघण्याआधी थ्रासोसनं सवयीप्रमाणे गाडीभोवती, म्हणजे बोटीभोवती, धक्क्यावरून जमेल तेवढी फेरी मारली आणि कडेला टांगलेल्या रबरी फुग्यांना टायरसारख्या लाथा घातल्या.

“हे काय चाललंय?” कॅप्टनबाईंनी विचारलं.

“हवा बघतोय.”

“बरं. आणि काय काय बघणार?”

“ब्रेक कुठे आहे?”

“नसतो.”

थ्रासोसनं धक्क्याला लागलेल्या सगळ्या बोटी एकेक करून पाहिल्या. मग म्हणाला, “इतक्या लोकांना हे माहीत आहे आणि तरी ते बसतात?”

बोटीवर पाय ठेवला आणि मला कळून चुकलं की मला सुचणारं प्रत्येक वाक्य कुरकुरीचंच आहे. झोपायची जागा पाव ठेवायच्या खणाएवढी. संडासाला पाणी सोडायचं तर हापसा हापसावा लागतो. मी घरून आणलेली पालकाची पाई ताटातून घसरली ती थेट मेनेलासच्या बुटात. (बोटीवर बूट घालायचे नसतात, म्हणून ते रिकामे होते, हे आमचं नशीब.) हे सगळं पोटात ठेवून ‘हवा किती छान आहे’ म्हणणं मला जमेना. तेव्हा मी ठरवलं, धोका नको. उतरेपर्यंत बोलायचंच नाही. हो-नाहीला मान हलवायची. देवाशी व्यवहार आहे, चार शब्द कमीच खर्च झालेले बरे.

कॅप्टनबाई माझ्यावर खूश झाल्या. “तुमच्या बायकोसारखा खलाशी मिळत नाही हो,” त्या थ्रासोसला म्हणाल्या. “सांगेल ते करते आणि सल्ला देत नाही.”

मेनेलास म्हणाला, “उलटी होईल म्हणून तोंड मिटून बसलीय, कॅप्टनबाई. समोर उभे राहू नका.”

थ्रासोस मात्र माझ्याकडे सारखा बघायचा. “बरं वाटत नाही का, गरिफालिया?” मी मान हलवायची. “रागावलीस?” परत मान हलवायची. एका दुपारी त्यानं मला संत्रं सोलून दिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, बघा, समुद्राच्या हवेनं माणूस कसा सुधारतो.

आता आमच्या एका सवयीबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. देऊळ दिसलं की आमचा उजवा हात क्रूसाची खूण करायला आपोआप उठतो: कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा. डोंगरात याचा कुणाला त्रास नाही. बोटीवर मात्र त्या हातात काहीतरी धरलेलं असतं, आणि समुद्रकाठी तर एक टेकाड देवळावाचून सोडलेलं नाही. पहिल्याच टेकाडाशी आम्ही तिघांनी एकदम हात उचलले. मेनेलासची दोरी सुटली, माझी सुटली, थ्रासोसचं चाक फिरलं, आणि शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं फडफडायला लागलं.

“आधी दोरी बांधा, मग देव,” कॅप्टनबाई ओरडल्या. “तो कुठे पळून चाललाय?”

“बसमध्येही हा असंच करायचा,” मेनेलास म्हणाला. “ऐन वळणावर.”

“हात सोडून?”

“एकच. दुसऱ्यानं हॉर्न वाजवायचा.”

दिवस असेच गेले आणि परीक्षेचा दिवस आला. आमच्या बंदरांत बोट पाठीनं लावतात. पुढे समुद्रात नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत बोट मागे घ्यायची आणि मागची बाजू धक्क्याला बांधायची. धक्क्यावर कॉफीची दुकानं असतात आणि तिथं बसलेल्या लोकांना दुसरं काम नसतं.

“आज तुम्ही एकट्यानं लावायची, थ्रासोस,” कॅप्टनबाई म्हणाल्या. “लागली तर दाखला. नाही तर पुढल्या वर्षी बघू.”

पुढलं वर्ष म्हटल्यावर मधला सगळा हिवाळा मला दिसला, खिडकीसकट. थ्रासोसनं मात्र बाह्या वर केल्या. “रिव्हर्स ना? रिव्हर्स म्हणजे माझा हातचा मळ.” इतक्या महिन्यांत त्याचं एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मला बोटीच्या नाकावर उभं केलं. तिथं साखळीचा दांडा असतो. तो दाबून धरायचा आणि कॅप्टनबाईंनी हात वर केला की सोडायचा. एवढंच काम. मी दांडा दाबून धरला. बोट बंदरात शिरली, वळायला लागली.

त्या दिवशी संत मरीनाचा सण होता हे कुणीच मला सांगितलं नव्हतं. देवळातून तिची तसबीर बाहेर आली, फुलांनी मढवलेली. मागे बँड, मागे सगळं गाव, आणि धक्क्याला पताका लावलेला एक मच्छीमारी मचवा तिला समुद्रात फिरवून आणायला तयार उभा.

माझा उजवा हात कपाळाकडे गेला.

साखळी घरघरत खाली गेली. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. कॅप्टनबाई आणि थ्रासोस, दोघंही मागे बघत होते. नांगर पडल्याचं अख्ख्या ग्रीसमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

सांगावं का? ‘नांगर पडला’ ही कुरकुर आहे की बातमी आहे? मी याचा विचार करत होते. (मला मान्य आहे, वेळ ती नव्हती.) शेवटी मी दोन्ही हात हलवून थ्रासोसला खुणावलं. त्यानं वळून पाहिलं आणि मलाही आनंदानं हात केला.

बोट सुंदर मागे आली. अगदी सरळ. कॉफीवाल्यांनी माना डोलावल्या. आणि धक्का चार हातांवर असताना साखळी संपली, बोटीला गचका बसला आणि ती उभी राहिली.

“ब्रेक कुणी मारला?” थ्रासोसनं विचारलं.

धक्क्यावरून एक म्हातारा म्हणाला, “काय रे, स्टॉप पुढे आहे.” त्याला बिचाऱ्याला बसचं काही माहीत नव्हतं. थ्रासोसचा चेहरा मात्र उतरला. त्यानं इंजिनाला जोर दिला, तसा नांगर तळाशी घसरत गेला आणि मचव्याच्या साखळीत जाऊन अडकला.

तोवर मचव्यावर तसबीर चढली होती आणि शेजारी पापा-थिमिओस, गावचे पाद्रीबाबा, दाढी सांभाळत उभे होते. मचव्याचा मालक बार्बा-लुकास (बार्बा म्हणजे काका) आपला नांगर ओढायला लागला. त्याचा नांगर वर येईना, आमची बोट मात्र त्याच्याकडे सरकायला लागली. त्यानं आणखी ओढलं, आम्ही आणखी सरकलो.

“मरीना आईला जायचं नाहीये,” धक्क्यावरची एक बाई हळूच म्हणाली. “त्या लोकांना बोलावतेय ती.”

“बोलावते कसली,” बार्बा-लुकास म्हणाला. “त्या गाढवानं माझ्या साखळीवर नांगर टाकलाय. कुठून येतात रे असले?”

“डोंगरातून,” मेनेलासनं नको तिथं खरं सांगितलं.

लोक हसले. थ्रासोसनं चाकावरचे हात काढून घेतले. “तुम्ही घ्या, कॅप्टनबाई,” तो म्हणाला. “हे माझं काम नव्हे. मी खाली जाऊन बसतो.” आणि त्याच्या तोंडावर तोच चेहरा आला, खिडकीपाशी असायचा तो.

मग मला राहवलं नाही. नवस गेला तर गेला, संत इलियासची मी नंतर समजूत घालीन.

“नांगर त्यानं नाही टाकला, मी टाकला,” मी ओरडले. “कपाळाला हात लावायला गेले आणि दांडा सुटला. बोट त्यानं सरळ आणली होती, तुम्ही सगळ्यांनी बघितलं, मघाशी माना कोण डोलावत होतं? आणि बार्बा, देवीशेजारी उभं राहून कुणाला गाढव म्हणता? माझ्या नवऱ्यानं बर्फात, घाटात, शाळेची पोरं भरून बस चालवलीय, समोरून दुसरी बस आली तर मध्ये बोटभर जागा ठेवून. तुमच्या या बोटीवर धड झोपता येत नाही, हापसा हापसून माझा खांदा निखळलाय, माझी पाई बुटात गेली, तरी मी एक शब्द बोलले नाही.”

बँड थांबला होता. सगळं गाव माझी पाई ऐकत होतं.

थ्रासोस जिन्याच्या अर्ध्यात थांबला. माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच मिरवणुकीतून उतरून आले होते.

“बोललीस,” तो म्हणाला. डोळे पुसले, आणि वर येऊन चाक धरलं. “कॅप्टनबाई, काय करायचं सांगा.”

“बोट जागच्या जागी धरा. पुढे नाही, मागे नाही. आम्ही दोघी नांगर उचलतो, त्याच्याबरोबर लुकासची साखळी वर येईल, तिला दोरीनं टांगून आपला नांगर खालून सोडवतो. बोट हलली तर माझी बोटं जातील.”

“घाटात दोन बसेस,” थ्रासोस म्हणाला. “कळलं.”

आणि त्यानं धरली. वारा येत होता, मचवा डोलत होता, पण आमची बोट जणू काँक्रीटमध्ये रोवली होती. कॅप्टनबाई पोटावर आडव्या होऊन साखळीशी झगडत होत्या. मी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. मरीना आईची तसबीर माझ्या नाकासमोरून गेली, पापा-थिमिओसनी माझ्याकडे बघितलं, आणि मी फक्त डोळे मिटले. नांगर सुटला. मचवा निघाला, बँड पुन्हा सुरू झाला. जाता जाता बार्बा-लुकासनं टोपी काढून थ्रासोसला सलाम केला.

आम्ही पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा नांगर टाकला (या वेळी मेनेलासनं), आणि थ्रासोसनं बोट धक्क्याला अशी टेकवली की कॉफीवाल्याच्या टेबलावरचं पाणीसुद्धा हललं नाही. दाखला तिथंच मिळाला.

संध्याकाळी आम्ही मरीना आईच्या पाया पडायला गेलो. थ्रासोसनं खिशातून, नवस फेडायला वाहतात तसा, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला एक चेहरा काढला आणि तसबिरीला टांगला.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, “तू बोलेनाशी झालीस, मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. मग मी दर टेकाडावरच्या देवाला नवस बोलत आलो. हिला बोलू दे, म्हटलं, मग ती सांगेल ते जन्मभर ऐकेन.”

मी रडले. मग, इतक्या दिवसांचं साठलं होतं, तर बोलले. देवळाच्या पायऱ्यांवर बोलले, जेवताना बोलले, दुसऱ्या दिवशी अथेन्सपर्यंतच्या सबंध वाटेनं बोलले. कॅप्टनबाईंनी कानात कापूस घातला. निघण्यापूर्वी थ्रासोस पापा-थिमिओसना गाठून काहीतरी कुजबुजला, ते मला मेनेलासकडून कळलं. त्यानं विचारलं होतं, “बाबा, फेडलेला नवस थोडासा परत घेता येतो का?”

आता तो दर शनिवारी डोंगर उतरून भाड्याची बोट काढतो, आणि मी बरोबर जाते. तुमच्याही घरात कुणी असं बसून राहिलं असेल, तर माझं ऐका, तुम्हीही त्याच्यासाठी एक नवस बोला. फक्त गप्प राहण्याचा बोलू नका. घरच्यांना त्याची फार लवकर गोडी लागते.