मनगट बगू, मास्तर

भुजंगरावांच्या डाव्या मनगटावर घड्याळ असायचं, सणासुदीला उजव्यावरही असायचं, आणि तरीही रस्त्यात जो भेटेल त्याला ते वेळ विचारायचे.

परभणीच्या शाळेत बदलून आलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "किती वाजले हो मास्तर?" मी घड्याळ बघून वेळ सांगितली. "मनगट बगू जरा," म्हणत त्यांनी माझा हातच धरला, उन्हाकडे वळवला, काचेवर फुंकर मारून अंगठ्यानं पुसली आणि कुणी शिळी भाजी वाढल्यासारखं तोंड केलं.

"सासऱ्यानं दिलंय?"

"हो."

"चावीचं हाय. सासरा हिशोबी दिसायलाय." एवढं बोलून ते चालू लागले. मी सांगितलेली वेळ त्यांनी ऐकलीसुद्धा नव्हती.

वेळेशी या माणसाला काही देणंघेणं नव्हतं. त्यांना फक्त समोरच्याचं घड्याळ बघायचं असे. लग्नात सगळे नवरी बघायचे, हे नवरदेवाचं मनगट बघायचे आणि जेवणाच्या पंगतीत निकाल जाहीर करायचे. गल्लीतला कुणी आखातातून सुट्टीवर आला, की त्याची बॅग उघडायच्या आत भुजंगराव ओट्यावर हजर. "मनगट बगितलं की मानूस कळतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्याबद्दल त्यांना काय कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

माणूस तसा खाऊनपिऊन सुखी. पेडगावला काळीशार जमीन, ती वाटेकरी बघायचा. राहायला परभणीत, आमच्या भिंतीला भिंत लावून. पन्नाशी जवळ आलेली, लग्न केलेलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का, अशी दोनच माणसं. अक्कांना चारठाण्याला दिलं होतं. अंगाची हळद उतरते न उतरते तोच नवरा साप चावून गेला आणि त्या माहेरी परत आल्या. आई आधीच गेलेली, त्यामुळे या धाकट्या भावाला अक्कांनीच वाढवलं. बाई तोंडाची फटकळ. "डबाभर घड्याळं हायत, अन् जेवायला येळंवर येत न्हाई," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. बोलताना हात मात्र कायम पदराखाली. मला वाटायचं, बाईला थंडी वाजते.

तो डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा. त्यात घरच्या कापसाच्या गादीवर भुजंगरावांची घड्याळं निजलेली असत. त्यांच्या आवडीनिवडी जमान्याबरोबर बदलायच्या. मी आलो तेव्हा जडपणाचे दिवस होते. चावी न देता चालणारं, वार आणि तारीख दाखवणारं, पोलादी पट्ट्याचं विलायती घड्याळ ही त्यांची शान होती. "बांधलं की हात आपसूक खाली आला पायजे," म्हणायचे. ते घड्याळ बांधून ते चालायचे तेव्हा खरोखरच डावीकडे कललेले दिसायचे.

मग काट्यांचा जमाना गेला आणि आकडे चमकवणारी काळी घड्याळं आली. बटण दाबलं की दिवा, आणि दर तासाला एक इंग्रजी चाल. भुजंगरावांनी हैदराबादला जाऊन सगळ्यांच्या आधी ते आणलं आणि तेच बांधून झरीच्या एका पाहुण्याच्या दहाव्याला गेले. मला सोबत नेलं होतं.

ओढ्याच्या काठी पिंड मांडलेला. कावळे लिंबावर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. म्हाताऱ्याची इच्छा काय राहिली, यावर खल सुरू झाला. "शेताची वाटनी करनार न्हाई," थोरल्यानं कबूल केलं. कावळा ढिम्म. "आईला सांभाळीन," धाकट्यानं हात जोडले. तेव्हा कुठं एक कावळा उतरला, मान तिरकी करून पिंडाकडे दोन उड्या मारल्या, सगळ्यांनी श्वास रोखले, आणि भुजंगरावांच्या मनगटातून ती इंग्रजी चाल सुरू झाली. कावळा भुर्र. भुजंगराव बटण शोधायला लागले, तर दिवा लागला. शेवटी ते घड्याळावर बसले, तरी खालून चाल येतच होती.

चाल संपल्यावर जी शांतता पसरली, तीत मला ओढ्यात उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात एक वयस्क पाहुणे गंभीरपणे म्हणाले, "म्हाताऱ्याचा जीव घड्याळात अडकलाय."

सगळे भुजंगरावांकडे बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक रंग उतरत गेला. मग ते उठले, हात जोडले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "मामा, हे घड्याळ तुमच्या नातवाला दिलं. शिवा आता." आणि सांगून खोटं वाटेल, कावळा शिवला. घड्याळ झरीतच राहिलं. परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "मामाला जित्तेपनी कवा येळ बगता येत नव्हती."

त्यानंतर पुन्हा जमाना पालटला. रंगीत टीव्ही घरोघर आले आणि नवरदेवांच्या हातावर पातळ, सोनेरी, सेलवर चालणारी घड्याळं दिसू लागली. तबकडी कोरी, आकडे गायब. भुजंगरावांना ते अजिबात पटेना. "ह्याला घड्याळ म्हनत्यात? सोनेरी पापड हाय. मेंढरं पळाली अन् नुसत्या काठ्या उरल्या!" आणि ते आपल्या जुन्या जड पोलादी घड्याळाकडे परत गेले. त्यांच्या शौकाचं वय झालं, असं मी समजलो.

आणि त्याच साली, कापूस विकून ते नेहमीप्रमाणे हैदराबादला गेले ते गप्प होऊन परत आले. दोन दिवस कुणाला वेळ विचारली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो, तर आमची सुमन दारातच उभी.

"अहो, भुजंगराव माझी बांगडी मागून घेऊन गेले."

"म्हणजे?"

"म्हणाले, वैनी, एक बांगडी उसनी द्या, हैदराबादला नेतो अन् परत आनतो. कुणासाठी, विचारलं, तर कानापर्यंत लाल झाले."

आता ब्रह्मचारी माणूस मापाला बांगडी नेतो, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. संध्याकाळपर्यंत गल्लीत लग्न ठरलं. मुलगी कोण यावर दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या मते गंगाखेडची नर्स, दुसऱ्याच्या मते सेलूची मास्तरीण. मास्तरीण म्हटल्यावर मला त्यातलं काहीतरी माहीत असणारच, असं धरून मलाच चौकशीला पाठवण्यात आलं. भुजंगराव पिशवी भरत होते. "मास्तर," ते म्हणाले, "शौकाच्या मधी पडू नका," आणि रात्रीच्या गाडीनं गेले.

इकडे दुसऱ्या दिवशी अक्कांनी भिंतीवरून सुमनला हाक मारली. आम्ही दोघंही गेलो. अक्का गाठोडं बांधत होत्या. दोन लुगडी, एक तांब्या, जप करायची माळ.

"भुजंगा लगीन करायलाय म्हनं," त्या म्हणाल्या. चेहरा हसरा होता, आणि तो मला बघवेना. "लय चांगलं झालं. कवापासून सांगायले होते मी, तर माझ्या पायी थांबलं येडं."

"मग गाठोडं कशाला, अक्का?"

"चारठान्याला जाते. दिराची पोरं हायत. ऱ्हा म्हननार न्हाईत, पर जा बी म्हननार न्हाईत. नव्या बाईला घर मोकळं पायजे. अन् हळदीच्या घरात मी कशाला समोर?"

सुमननं परोपरीनं सांगितलं, पण बाईचा हट्ट भावासारखाच. भाऊ गाडीनं परतला की त्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या आणि चारठाण्याला जायला जिंतूरची एसटी धरायची, असं ठरवून अक्का पुढच्या सकाळी ओट्यावर बसल्या. आम्हीही बसलो. अफवेला आमच्याच घरातून पाय फुटले होते, तेव्हा बसणं भाग होतं.

भुजंगराव आले. मला पहिल्यांदा दिसलं ते त्यांचं मनगट. उघडं! जिथं ते पोलादी धूड असायचं, तिथं नुसता पांढरा पट्टा उरला होता.

"कुठं निघालीस?" त्यांनी गाठोड्याकडे बघत विचारलं.

"तुझ्या लग्नात आडवी येऊ व्हय?"

"कुनाचं लगीन?"

अक्कांनी सुमनकडे पाहिलं, सुमननं माझ्याकडे पाहिलं, मी समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. भुजंगराव आधी खो खो हसले. मग त्यांची नजर पुन्हा गाठोड्यावर गेली आणि हसू विझलं. ते पायरीवर बसले, पिशवीतून एक मखमली डबी काढली आणि न विचारता अक्कांचा हात पदराबाहेर ओढला. तो हात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिला. कोपरापासून बोटांपर्यंत कोरा.

डबीत बांगडीसारखं सोन्याच्या रंगाचं कडं होतं आणि त्याच्या मधोमध नखाएवढी तबकडी. त्या साली बायकांसाठी अशी घड्याळं नवीनच निघाली होती. ज्याला ते सोनेरी पापड म्हणायचे, त्याच जातीचं, त्याहून पातळ. आणि त्यासाठी त्यांनी आपलं लाडकं पोलादी घड्याळ दुकानदाराला देऊन टाकलं होतं.

अक्कांनी हात झटकन मागे घेतला. "बांगडी हाय ती! येडा झालास का? मला कुठली बांगडी? लोक काय म्हनतील?"

"घड्याळ हाय," भुजंगराव म्हणाले. "कामून बांगडी म्हनायलीस? सेल हाय त्याच्यात. काटे हायत. इचार मास्तरला."

मी आयुष्यात वर्गात कधी लावला नाही एवढा करडा आवाज लावून म्हणालो, "घड्याळच आहे, अक्का."

"ऐकलंस? बाईनं येळ बगू नये असं कुठं लिवलेलं न्हाई." हे ते ठासून म्हणाले. "तुझ्या हातावरच्या फोडल्या, तवा मी तिथं होतो चारठान्याला. काचा गोळा केल्या होत्या म्या चड्डीच्या खिशात. मला वाटलं, घरी जाऊन जोडता येतील." त्यांनी तबकडीवर अंगठा फिरवला. "ह्याला बी काच हाय, अक्का. पर ही कुनी फोडनार न्हाई."

सुमन पुढं झाली आणि तिनं ते कडं अक्कांच्या हातात चढवलं. अगदी बरोबर बसलं. बसणारच, माप सुमनच्या बांगडीचं होतं. अक्कांचा हात सुमनइतकाच आहे, हे या माणसानं भाकरी वाढून घेताना केव्हातरी हेरून ठेवलेलं. मी उगाच गाठोडं उचलून आत नेऊन ठेवलं.

गल्लीत एक-दोघींनी नाकं मुरडली. "काय अक्का, बांगडी भरली व्हय?" अक्का पुरतं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घड्याळ हाय बाई. आमच्यात सगळ्यांलाच नाद हाय." पुढं पेडगावच्या भावकीतल्या एका लग्नात त्या मांडवात पुढच्या रांगेत बसलेल्या दिसल्या, दोन्ही हात मांडीवर उघडे.

भुजंगरावांनी स्वतःसाठी नंतर घेतलं ते साधं चावीचं, माझ्या सासऱ्यानं दिलेल्याचं सख्खं भावंड. मी चिडवलं, तर म्हणाले, "हिशोबी झालोय." रस्त्यात लोकांना अडवून वेळ विचारणं मात्र कायमचं बंद झालं. आता ते ओट्यावरून घरात हाक मारायचे.

"अक्का, किती वाजले गं?"

अक्का बाहेर यायच्या. पदरातून हात काढायच्या, सगळ्या गल्लीला दिसेल असा लांब धरायच्या, मग डोळ्यांजवळ आणायच्या. बिनआकड्याच्या त्या इवल्या तबकडीत कोणता काटा लहान नि कोणता मोठा, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

एकदा मी शेजारीच उभा होतो. शाळा सुटून नुकताच आलो होतो आणि माझ्या घड्याळात साडेचारसुद्धा झाले नव्हते.

"सव्वापाच," अक्कांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

मी तोंड उघडणार, तोच भुजंगरावांनी आपल्या घड्याळाची चावी बाहेर ओढली, काटे फिरवून सव्वापाचावर नेले आणि चावी परत दाबली.

"मनगट बगू, मास्तर," ते माझा हात धरत म्हणाले. "तुमचं मागं पडायलंय."