हैबतरावांच्या रोजच्या गाडीची आणि दारच्या गतिरोधकाची हकीकत

श्रीगणरायास व कुलस्वामिनीस वंदन, आणि रस्ते बांधणाऱ्या ठेकेदारास दुरूनच दंडवत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यात हैबतराव म्हणोन सरदार होते, त्यांनी विलायती मोटार खरीदली. मोटार दोन दारांची, पोट जमिनीस टेकू पाहणारे, आणि गर्जना ऐसी की शेजारची म्हैस पान्हा चोरू लागली, आणि वेग ऐसा की तो दाखवावयास राज्यात रस्ताच नव्हता. कुटुंबाने पुसले, "ही सणासुदीस काढायची ना?" सरदार बोलिले, "छे! ही आमची रोजची गाडी." आणि घरची चौदारी मोटार विकून टाकिली. मग भाजी, दळण, गॅसची टाकी सर्व तीतूनच येऊ लागले, आणि गादीवर पीठ सांडले की सरदार स्वहस्ते पुसू लागले.

आता त्या राज्याची चाल ऐसी की, ज्याचा मान थोर त्याच्या दारचा गतिरोधक उंच. सरदार पूर्वी नगराध्यक्ष असता त्यांनी आपल्या दारी सर्वांत उंच बांधविला होता, की येणाऱ्याजाणाऱ्याने तेथे नरमून जावे. एकटे असता सरदार मोटार तिरपी काढून कसेबसे पार होत, आणि तळ खरवडला तर खोकून आवाज दाबीत.

पुढे माघमासी त्यांची कन्या इरावती हिची सोयरीक जुळत आली. स्थळ नामी, मुलीच्या मनातले, केवळ सुपारी फुटायची राहिली. सरदार स्वतः व्याह्यांस आणावयास गेले. पुढली जागा मानाची म्हणोन तेथे व्याही बसले आणि विहीणबाई सगुणाबाई मागील फटीत, गुडघे हनुवटीस लावून, मांडीवर फळांची करंडी घेऊन बसल्या. मग स्वारी दारी आली, आणि भार झाल्याकारणे मोटार गतिरोधकावर पोट टेकून बसली. पुढे हलेना, मागे हलेना. व्याही उतरले. पुढील आसन यंत्राने सरकणारे, ते अर्ध्यात रुसले. गल्ली जमली. सरदारांचे तोंड एवढेसे झाले. आतून विहीणबाई गरजल्या, "अहो हैबतराव, पाहुण्यास कोंबायचे कळते, काढायचे कळत नाही काय?"

सोयरीक गेलीच ऐसे सर्वांस वाटले. तो इरावती पदर खोचून धावली, आसन खांद्याने रेटिले, आणि म्हणाली, "काकी, करंडी आधी माझ्याकडे द्या. आता डोकं खाली घ्या आणि माझा हात धरा." आणि बाईंस सुखरूप बाहेर काढिले, आणि गल्लीतील मंडळी लावून मोटारही मागे ढकलविली. विहीणबाईंनी निऱ्या सावरल्या आणि बोलिल्या, "पोर आमची. सुपारी फोडा. पण व्याहीबुवा, वरातीस तुमची गाडी नको."

मग मसलत बसली, की गतिरोधक फोडावा की मोटार विकावी. सरदार म्हणाले, "दोहोंतही आमचाच मान आहे." सबब काहीच जाहले नाही. वरात टेम्पोतून निघाली आणि तो गतिरोधक एका दमात ओलांडून गेली. सारांश इतकाच की, गतिरोधक जागी आहे, मोटार, पुन्हा पोट टेकू नये म्हणोन, त्याच्या पलीकडे चार गल्ल्या सोडून उभी आहे, आणि सरदार रोज सकाळी रिक्षाने जाऊन आपली रोजची गाडी पुसून येतात.