सोसायटीची चंदेरी शेगडी

"रविवारपर्यंत द्या फक्त, चेअरमन! ही शेगडी अशी चकाचक करतो, की गंजालाच वाटावं, आपण चुकीच्या घरात शिरलो!"

दूध सोसायटीचा सचिव शहादेव छातीवर हात ठेवून असं म्हणाला आणि चेअरमन अर्जुनरावांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. सगळं बिघडलं ते इथंच.

ही काही चहा करायची शेगडी नव्हे. कोळशावर कबाब भाजायची, चार पायांची, लांबलचक लोखंडी पेटीच म्हणा ना! युसूफ वडगावच्या अलीकडच्या या गावात एके काळी दूध कॅनमध्ये मावत नव्हतं. तेव्हाचे चेअरमन बबनराव यांनी ती हैदराबादहून मोठ्या हौशीनं आणली. एक-दोन पार्ट्या झाल्या, बबनराव निवडणूक हरले आणि शेगडी सोसायटीच्या पत्र्यामागं जाऊन पडली. ती इतकी गंजली होती, की जवळ उभं राहून कुणी जोरात शिंकलं तरी तिचा एखादा तुकडा गळून पडायचा.

तिची आठवण निघायचं कारण होतं जिल्हा संघाचे बारगजे साहेब. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. गावची जनावरं सोसायटीशेजारच्या चारा छावणीत बांधलेली, दूध आटलेलं. त्यात कुणीतरी वर तक्रार केली, की या केंद्राच्या दुधात पाणी असतं! रविवारी साहेब स्वतः तपासणीला येणार होते. तक्रार खरी निघाली, तर केंद्र बंद. मग बायांनी चरवी डोक्यावर घेऊन रोज उन्हातान्हात वडगाव गाठायचं.

"साहेब भाजलेल्या कोंबडीचा लई शौकीन हाय म्हनं," अर्जुनराव हळूच म्हणाले होते. "पोट खुश, तर मानूस खुश. कोंबडी मी आनतो. शेगडीचं तू बघ."

पहिली अडचण शेगडीतच बसलेली होती. छबुबाईची खुडूक कोंबडी, अंड्यांसकट!

"छबुमावशी, तुमची कोंबडी उचला. शेगडी दुरुस्त करायचीय."

"कावून? पिल्लं निघूस्तर हात लावायचा न्हाई!" छबुबाईनं पदर खोचला. "तिला उठवलंस तर माझ्या म्हशीचं दूध बंद. सांगून ठिवते!"

केंद्रावर सगळ्यात जास्त दूध छबुबाईच्या म्हशीचं. तिच्यापुढं चेअरमनचंसुद्धा काही चालत नसे. शेवटी तह झाला. कोंबडी अंड्यांसकट ऑफिसात, सचिवाच्या खुर्चीवर बसली आणि सचिव उभ्यानं कारभार बघू लागला. कुणी खुर्चीजवळ गेलं तर कोंबडी पिसं फुलवून अशी अंगावर यायची, की तितका वचक शहादेवचा त्या खुर्चीत बसून कधी पडला नव्हता.

मग शेगडीची मशागत सुरू झाली. धुवायला पाणी नव्हतं. माणसांनाच अंघोळ नाही, तिथं शेगडीला कुठली? शहादेवनं विटकरीच्या तुकड्यानं घासलं, तारेच्या ब्रशनं खरवडलं. टँकरवाला सिदू याच्याकडून डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं आणून पुसलं. गंज निघत गेला, निघत गेला, आणि शेवटी लक्षात आलं, की शेगडी म्हणून जे उभं होतं ते बहुतेक गंजच होतं! बुडाला भोकंच भोकं. पलीकडचं वासरू आरपार दिसत होतं.

"आता वं?" बायको मुक्ताबाईनं विचारलं.

"आता काय! गोडेतेलाचा डबा कापून पत्रा मारतो. ST च्या वर्कशॉपात होतो मी. अख्ख्या बशीचं बूड बदलून दिलंय!"

"तुमी तितं चहा आनून देत व्हता."

"बगत तर व्हतो ना!"

पत्रा बसला. कुजलेल्या पायांना वडगावला नेऊन जोड दिला. वेल्डिंगवाल्याची वीज नेमकी चौथ्या पायाला गेली, म्हणून तो पाय तेवढा तारेनं बांधून आणला. आणि सोसायटीच्या फाटकाचा उरलेला चंदेरी ऑइलपेंट शहादेवनं शेगडीला असा फासला, की ती लग्नातल्या कपाटासारखी चमकायला लागली.

मुक्ताबाईनं आत वाकून पाहिलं. "आतूनबी रंग दिलाव?"

"दिला की! आतून-बाहेरून. दोन हात!"

"अवो, पन आत तर इस्तू पेटवायचाय..."

"तू नकारघंटा वाजवू नको बरं! पाव्हणा आधी रूप बघतो."

रविवार उजाडला. त्या सकाळी बायांनी लेकराबाळांच्या तोंडचं दूधसुद्धा केंद्रावर आणून घातलं. इज्जतीचा प्रश्न होता! दोन कॅन भरले. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. अर्जुनराव त्या कॅनकडं नातवाकडं बघावं तसं बघत होते.

बारगजे साहेब आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांनी पिशवीतून दुधातलं पाणी पकडणारी काचेची नळी काढली, पण आधी ते ओसरीवर दप्तर तपासायला बसले. त्याच वेळी टँकर येऊन उभा राहिला आणि घागरी, हंडे, बादल्या घेऊन अख्खं गाव तिकडं पळालं.

"जय भीम, सचिव!" सिदू केबिनमधून ओरडला. "शेगडी झाली का?"

"झाली का म्हनजे? बघच आता!"

शहादेवनं कोळसे पेटवले आणि वर मसाला लावलेली कोंबडी ठेवली. थोडा वेळ सगळं झकास चाललं. मग शेगडीला फोड आले. हो, फोड! कांजिण्या आल्यासारखे. रंग बुडबुडला, वितळला, कोंबडीची चरबी त्यात ठिबकली आणि भप्पकन् जाळ झाला. काळाकुट्ट धूर असा उठला, की छावणीतली जनावरं दावी तोडायला लागली.

"सचिव, धूर जरा जास्त हाय का?" अर्जुनरावांनी नाक दाबून विचारलं.

"सुरुवातीला असतो!" शहादेव खोकत खोकत म्हणाला.

इतक्यात तारेनं बांधलेला चौथा पाय निसटला. शेगडी गुडघा टेकून वाकली आणि लालभडक निखारे घरंगळत निघाले, थेट छावणीच्या कडब्याच्या गंजीकडं! कडेच्या चार पेंढ्यांनी पेट घेतला.

त्या गंजीवर अख्ख्या गावची जनावरं जगत होती. ती गंजी जळाली असती, तर शहादेवला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. तो जिवाच्या आकांतानं टँकरकडं धावला.

"पानी! पानी द्या! कडबा पेटला!"

रांगेतली एक बाई मागं न बघताच म्हणाली, "नंबरात ये!"

"अगं, आग लागलीय!"

"आमच्या बी घशाला लागलीय!"

शहादेवनं जवळच्या घागरीला हात घातला. ती घागर छबुबाईची निघाली. तिनं दोन्ही हातांनी घागर पोटाशी धरली.

"पान्याला हात लावलास तर बोटं मोडीन! पाच दिसांनी टँकर आलाय!"

"मावशी, तुमच्या म्हशीचाच कडबा हाय तो!"

"मग दूध घे की तिचं! तितं कॅन भरून ठिवलाय. पानी न्हाई द्यायची!"

ती रागाच्या भरात बोलून गेली. शहादेवला मात्र तो हुकूमच वाटला. तो तसाच माघारी पळाला. बारगजे साहेब दप्तर संपवून नुकते कॅनपाशी आले होते; वाकून नळी दुधात सोडणार, तोच खालचा कॅन गायब! साहेबांच्या हातात नळी, नळीखाली मोकळी हवा. शहादेवनं कॅन खांद्यावर घेतला आणि भडाभडा कडब्यावर ओतला. चेअरमन पाठीमागून किंचाळले, "अरे बे, दूध हाय ते!" पण आग अजून धुमसत होती, म्हणून दुसऱ्या क्षणी दुसरा कॅन त्यांनी स्वतःच उचलून रिकामा केला!

उरलेल्या पेंढ्यांवर मुक्ताबाईनं घमेल्यानं माती फेकली. दोन घमेल्यांत जाळ विझला.

"माती व्हती की पायाशी," ती धापा टाकत म्हणाली. "दुष्काळात तेवढीच तर फुकट हाय!"

करपलेल्या दुधाचा वास गावभर सुटला. शेगडीवरची कोंबडी आता चंदेरी झाली होती. सोसायटीचं कुत्रं तिच्याजवळ गेलं, वास घेतला आणि आल्या पावली परत फिरलं. रांगेतल्या बाया घागरी कडेवर घेऊन तिकडं बघत उभ्या राहिल्या. पोरांच्या तोंडचं दूध मातीत गेलं होतं. शहादेवला वाटलं, या मातीनं आपल्यालाही पोटात घ्यावं. अर्जुनराव रिकाम्या कॅनवरच मट्‌कन बसले. "संपलं," ते पुटपुटले. "आपलं केंद्र संपलं."

बारगजे साहेबांनी नळी पुसली आणि जपून पिशवीत ठेवली. मग ते बायांच्या रांगेकडं वळले.

"सचिव, माझ्याकडे तक्रार काय होती, माहीत आहे?"

"दुधात पानी हाय म्हनून, साहेब," शहादेव जमिनीकडं बघत म्हणाला.

"बरोबर. आता मला सांगा, ज्या गावात पेटलेल्या कडब्यावर ओतायला कुणी तांब्याभर पाणी देत नाही, त्या गावात दुधात पाणी कोण घालेल?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही, हा माणूस चिडलाय की काय झालंय. मग साहेबच हसायला लागले. हसता हसता खाली बसले! "बत्तीस केंद्रं तपासली. आग विझवायला दूध वापरणारं हे पहिलंच! काही बंद-बिंद होत नाही तुमचं. चालूच ठेवा."

टँकरपाशी एकच गलका झाला. छबुबाईनं शहादेवच्या पाठीत असा धपका मारला, की त्याला कळेना ही शाबासकी आहे का दुधाचा हिशेब. अर्जुनराव टुणकन उठले. त्यांच्या अंगात पुन्हा चेअरमन संचारला.

"साहेब, कोंबडीचं राहिलं. निदान चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई! शहादेवा, पळ!"

शहादेव दुधासाठी पेला घेऊन पळाला. एका घरी गेला, दुसऱ्या घरी गेला. सगळीकडं एकच उत्तर: "सगळं सकाळीच केंद्रावर घातलं की! तूच वतलंस ना?" छबुबाईची म्हैस तर त्याला बघून पाठ करूनच उभी राहिली.

अखेर मुक्ताबाईनं आपल्या घागरीतलं पाणी काढून चहा उकळला आणि कोराच कपात ओतून पुढं केला. दूध सोसायटीच्या ओसरीवर, सचिव आणि चेअरमन यांच्यादेखत, साहेबांनी कपात डोकावून पाहिलं, एक घोट घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,

"सचिव, याच्यात मात्र पाणी आहे बरं का!"