चौथ्या पानावरचा आंबा

मोरोपंतांसारखा इंग्रजी अर्ज लिहिणारा अख्ख्या वऱ्हाडात नव्हता! हे अमरावतीत कुणाला विचारायची गरजच नव्हती. पंत स्वतःच सांगत. अकोल्याला एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांनी एक जाडजूड इंग्रजी कोश उचलला होता. पहिली पानं वाळवीच्या पोटात गेलेली, त्यामुळे हा कोश शंभर वर्षांचा म्हातारा आहे हे पंतांना कळायला मार्ग नव्हता. आणि माणसांसारखे शब्दही म्हातारे होतात, मरतात, हे तर कुणी त्यांच्या कानावरच घातलं नव्हतं.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव! तो मुंबईला न्यायला आगगाडीचा रस्ता धडाधड पुढे सरकत होता. बडनेऱ्याजवळ तो नत्थुजीच्या वावरात शिरला आणि मोजणीची खुंटी नेमकी आंब्याच्या बुडाशी ठोकली गेली.

"पंत, वावर गेलं तर जाऊ द्या," नत्थुजी म्हणाला, "पण थो आंबा मनकर्णानं डोक्यावर पाणी वाहून जगवला हाय. लेकरूबाळ नाही आमाले. थ्या झाडाबिगर काय हाय तिले? आगगाडीच्या साहेबाले म्हणा, खुंटी चार हात सरकवा."

"म्हणायचं नाही, लिहायचं!" पंतांनी टाक उचलला. "आणि साहेबासमोर तुम्ही तोंड उघडायचं नाही. अर्जाची रीत असते. आधी स्तुती, मागणी सगळ्यात शेवटी."

स्तुती तीन पानं झाली! पंत लिहिता लिहिता शिकवतही होते. "हा ऑफिशियल, म्हणजे सरकारी. आणि हा ऑफिशियस, म्हणजे उपकारी, मदतीला धावणारा. दिसायला जुळे भाऊ! अडाणी माणूस इथंच आपटतो."

"आंबा कुठी हाय यात?"

"चौथ्या पानावर. शेवटची ओळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी झाड तोडणारे येणार, म्हणून मनकर्णा आंब्याखाली बसून राहिली आणि हे दोघे अर्ध्या कोसावरच्या साहेबाच्या तंबूत गेले. साहेबाने अर्ज वाचायला घेतला. पाचव्या ओळीला त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"मैं ऑफिशियस? बिना बुलाए दूसरे के काम में नाक घुसानेवाला? और ये क्या, आर्टिफिशियल? मैं नकली आदमी हूँ?"

पंतांनी घाईघाईने बगलेतला कोश उघडून पुढे धरला. ऑफिशियस, उपकारी. आर्टिफिशियल, कसबी. साहेबाने वाचलं, पुन्हा वाचलं आणि तो खो खो हसत सुटला.

"पंत, ये तो मेरे परदादा की अंग्रेजी है! कुर्सी लाओ पंत के लिए!"

साहेबाच्या तंबूत खुर्ची! पंतांच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाली नव्हती. मग साहेब नत्थुजीकडे वळला. "ये आदमी क्या चाहता है?"

"साहेब, थो आंबा..."

"नत्थुजी!" पंतांनी त्याचा हात दाबला. "ओळीने जाऊ द्या. शेवटी येतंय ते."

झालं! साहेब शब्द विचारतोय, पंत कोश उलटताहेत. कुठला शब्द मेला, कुठल्याने अर्थ बदलला! "अच्छा पंत, लक्झुरियस और लक्झुरियंट?" पंत ताठ बसले. "लक्झुरियस माणूस असतो साहेब, ऐषारामी. लक्झुरियंट झाड असतं, डेरेदार!" "शाबाश!" नत्थुजी आणखी दोनदा तोंड उघडायला गेला. दोन्ही वेळा पंतांनी डोळे वटारले.

सूर्य डोक्यावर आला. खानसाम्याने जेवणाची वर्दी दिली, तेव्हा कुठे साहेबाने चौथं पान उघडलं. शेवटची ओळ वाचून त्याचं हसू मावळलं.

"बस, इतनीसी बात? अरे, मुँह से बोल देते!" त्याने उभ्या उभ्या मुकादमाला चिठ्ठी खरडली.

दोघे धापा टाकत वावरात पोचले. आंबा आडवा पडला होता. काळ्या मातीत हिरव्या कैऱ्या पसरल्या होत्या.

"बाईनं हात जोडले म्हणून पहरभर थांबलो," मुकादम पुंजाराम मान खाली घालून म्हणाला. "साहेबाचा निरोपच नाही आला. मंग मी काय करू?"

मनकर्णा कैऱ्या वेचत होती. तिने वर पाहिलं. "साहेब भेटले नाही काय?"

"भेटले," नत्थुजी म्हणाला.

"मंग इतका वेळ काय बोलले?"

नत्थुजीने पंतांकडे पाहिलंही नाही. "लय बोलले. पंतांले खुर्ची देल्ली बसाले."

पंतांना वाटलं, हिने शिव्या द्याव्यात, कोश उचलून नाल्यात फेकावा. ती उठली आणि तिने ओंजळभर कैऱ्या त्यांच्या उपरण्यात टाकल्या. "आमच्यापायी मेहनत घेतली तुमी. लोणचं टाका, पंत. पुढच्या साली काही भेटायच्या नाही."

पंतांनी त्या घेतल्या. नको म्हणायला तोंड होतंच कुठे!