ट्रुत्मानांची पायरी आणि फ्रायबाईंची कडी

गावाचं वय त्याच्या दगडांवरून ठरत नाही. ते बघायला किती माणसं येतात त्यावरून ठरतं. या हिशेबाने ऱ्हाईनकाठचं आल्टविल हे जगातल्या अतिप्राचीन गावांपैकी एक आहे. (पलीकडच्या गावातला किल्ला दोनशे वर्षांनी जुना आहे, पण तिथे बस वळवायला जागा नाही, म्हणून तो अर्वाचीन.)

अशा गावात राहण्याचं भाग्य बाल्झ ट्रुत्मान यांना जन्मापासून लाभलं होतं. आयुष्यभर लोकांच्या पियानोंचे सूर जुळवून ते निवृत्त झाले होते आणि आता त्यांना फक्त शांतता हवी होती. दुर्दैवाने घड्याळाच्या मनोऱ्याचा सर्वांत सुंदर फोटो त्यांच्याच पायरीवरून येई. त्यामुळे उन्हाळाभर पायरीवर जग बसलेलं असे. त्यात दार बाहेर उघडणारं. पाव आणायला निघायचं तर ट्रुत्मान आधी आतून टकटक करत, मग सात भाषांत माफी मागत. लोक सरकत नसत. दारातल्या म्हाताऱ्याचा फोटो मात्र प्रेमाने काढत.

जूनमधल्या एका सकाळी पाव घेऊन परतलेल्या ट्रुत्मानांना स्वतःच्या घरात शिरता येईना. चिडणं गावाच्या रीतीत बसत नाही. म्हणून ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, की खरी बघायची गोष्ट शेजारी आहे. त्या हिरव्या दारावरची लोखंडी कडी. नवरा-बायकोने मिळून तीनदा वाजवली की संसार मोडत नाही.

पायरी क्षणात रिकामी झाली.

हिरवं दार आनेलीस फ्राय या विधवा बाईंचं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या दार उघडतच राहिल्या. बाहेर कधी नवपरिणीत जोडपी, कधी लग्नाला चाळीस वर्षं झालेली (ही खात्री करून घ्यायला आलेली). हे कुणाचं काम, ते त्यांना दुपारीच कळलं होतं. पण त्या भांडायला गेल्या नाहीत. आल्टविलमध्ये रात्री दहानंतर भांडायला बंदी आहे आणि दहाच्या आधी ते शोभत नाही.

दुसऱ्या सकाळी त्या एप्रन बांधून दारात उभ्या राहिल्या आणि आल्यागेल्याला गोड आवाजात सांगू लागल्या, की नुसती कडी वाजवून काय होणार? आधी शेजारच्या पायरीवर बूट काढून अर्धा तास बसावं लागतं. घाई केली तर पोरं हट्टी निपजतात.

पायरी भरली. शिवाय आता तिला मोज्यांचा वासही आला.

ट्रुत्मानांनी उत्तरादाखल जाहीर केलं, की मनातली इच्छा फ्रायबाईंच्या पन्हाळीच्या नळात पुटपुटावी. नळ बाईंच्या न्हाणीघरावरून जात असल्याने परक्यांच्या इच्छा त्यांना अंघोळीत ऐकू येऊ लागल्या. मग बाईंनी शेवटचं शस्त्र काढलं. इच्छा पक्की व्हायला ट्रुत्मानांच्या खिडकीखाली गाणं म्हणावं लागतं, आणि सूर जितका चुकेल तितकं फळ लवकर.

एव्हाना पर्यटन कार्यालयाने एका इतिहासतज्ज्ञाला पाचारण केलं होतं. त्यांनी सगळी दप्तरं चाळली, या प्रथेचा कुठेही उल्लेख सापडला नाही, आणि त्यांनी निर्वाळा दिला की प्रथा इतकी जुनी आहे की ती लिहून ठेवण्याची कुणाला गरजच वाटली नाही. पितळी पाटी बसली. पर्यटक दुपटीने वाढले. त्यांच्या घटस्फोटांचे आकडे उपलब्ध नाहीत. अर्थात झालेच नसणार.

चाळीस जणांच्या एका हौशी गायकवृंदाने खिडकीखाली मनापासून इच्छा पक्की केली, त्या संध्याकाळी ट्रुत्मान रांगेत उभे राहिले आणि त्यांनी हिरव्या दाराची कडी वाजवली.

फ्रायबाईंनी दार उघडलं. "एकटेच आलात? जोडीने यावं लागतं."

"फ्रायबाई, मी शरण आलोय."

बाईंनी पांढऱ्या वाइनची बाटली काढली. तीस वर्षांचा शेजार, पण बोलणं कायम अहो-जाहोतलं. दुसऱ्या पेल्याला त्यांनी अहो-जाहो सोडायच्या तिथल्या रीतीप्रमाणे पेले भिडवले आणि एकमेकांना आपापली नावं सांगितली, जणू आजवर ठाऊकच नव्हती.

"बाल्झ."

"आनेलीस." एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "आधी तू सुरू केलंस."

"हो. पण गाण्याचं फार झालं, आनेलीस."

"ते फार झालं," त्यांनी कबूल केलं, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

सकाळी दोघांनी रस्त्यात उभं राहून सांगून टाकलं: कडी खोटी, पायरी खोटी, नळ खोटा, सगळं आम्ही रचलंय. एका बाईंना हुंदका फुटला. एवढी प्रामाणिक माणसं फक्त इथेच उरलीत, असं वाटाड्या म्हणाला, आणि सगळे चार पावलं मागे सरकले, कारण दोघं एकाच फोटोत मावत नव्हती.

पायरी रिकामी झाली होती. बाल्झ आणि आनेलीस तिच्यावर बसली.

हल्ली हा कबुलीजबाब रोज सकाळी होतो. कार्यालयाने तो कार्यक्रमपत्रिकेत घेतला आहे. मध्ययुगीन पोशाखाला दोघांनी नकार दिला, कॉफीला दिला नाही. कबुली झाल्यावर टाळ्या पडतात, लोक पांगतात. एखादा मात्र मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, "खोटं आहे ते कळलं हो. पण गुण येतो का?"

हे रेंगाळणारे कोणत्या देशाचे, याची नोंद कार्यालय ठेवत नाही. पण वाचकहो, तोच प्रश्न आत्ता तुमच्याही मनात येऊन गेला, तेव्हा सांगून ठेवतो: येतो. फक्त उजव्या हाताने वाजवा.