मधली एकोणतीस अक्षरं

"ओकेझी अहामेफुला, जागतिक कीर्तीचा डिटेक्टिव्ह. नजर घारीची, मेंदू वकिलाचा, पाय मांजराचे. चोरी, लग्नाआधीची चौकशी, हरवलेली शेळी, बेपत्ता नवरा आणि क्रिप्टो. संशय तुम्ही घ्या, बाकी आमच्यावर सोपवा."

हा मजकूर दा फिलोमिनाने, म्हणजे गल्लीच्या फिलोमिनाताईने, आतापर्यंत तीनदा टाइप केला होता. एकदा पाटीसाठी, एकदा लेटरहेडसाठी आणि तीन आठवड्यांपूर्वी पाचशे व्हिजिटिंग कार्डांसाठी. तिन्ही वेळा पैसे मिळाले नव्हते. मांजराच्या पायांबद्दल तिला शंका नव्हती, कारण ती डबा उघडायची तेव्हा हा माणूस खरोखरच आवाज न करता येऊन उभा राहायचा. घारीची नजर आणि वकिलाचा मेंदू यांचा मात्र तिला अजून पत्ता लागला नव्हता.

आबा शहरातल्या आरियारिया बाजारात, बुटांचे सोल विकणाऱ्यांच्या गल्लीत तिचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. त्याआधी बावीस वर्षं ती मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात टायपिस्ट होती. तिथली एक सवय तिच्या हाडात मुरली होती. टाइप झालेला कागद मूळ कागदाशेजारी ठेवायचा, ओळीखाली पट्टी धरायची आणि एकेक अक्षर बोट ठेवून ताडून बघायचं. पण ही मेहनत ती पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच करी. फुकट्यांचं काम ती टाइप करी, तपासत नसे.

ओगा, म्हणजे साहेब, अहामेफुलाने दीड वर्षापूर्वी तिच्या दुकानाचा एक कोपरा भाड्याने घेतला. पहिल्या महिन्याचं भाडं दिलं. दुसऱ्या महिन्यापासून भाड्याऐवजी तिला 'असिस्टंट' ही पदवी दिली. पूर्वी तो एका ब्रुअरीत गोदाम सांभाळायचा, आणि तिथे आपण बाटल्यांची प्रचंड चोरी उघडकीला आणली असं सांगायचा. तो एक रांग मोजायला विसरला होता आणि चोरी झालीच नव्हती, हा गोष्टीचा शेवट तो गाळत असे.

महिन्याभरापूर्वी त्याने आणखी एक उपकार केला होता. तिच्या कॉम्प्युटरवर कुठूनसा 'महापहारेकरी' नावाचा प्रोग्रॅम आणून बसवला होता. "विकत घ्यायला गेलीस तर चाळीस डॉलर पडतात, असिस्टंट. मी फुकट मिळवला. आता या यंत्रात माशीसुद्धा शिरणार नाही!" तेव्हापासून पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं कुलूप लुकलुकत होतं आणि अहामेफुला येता-जाता त्याला सॅल्यूट ठोकत होता.

मंगळवारी सकाळी मॅडम उलोमा धापा टाकत दुकानात आली.

"चाई! दा, मी बुडाले गं! चोवीसशे डॉलर गेले!"

गल्लीतली सगळ्यात मोठी सोलवाली ती. माल ग्वांगझूच्या लिआंग नावाच्या व्यापाऱ्याकडून यायचा आणि पैसे यूएसडीटीत जायचे, म्हणजे बँकेबाहेरच्या, इंटरनेटवरच्या डॉलरांत. तिचं वॉलेट, म्हणजे त्या डॉलरांचं खातं, फिलोमिनाच्याच कॉम्प्युटरवर होतं. फोन दोनदा हिसकावून नेल्यावर ती म्हणाली होती, "तुझं हे धूड कोण पळवणार, दा? क्रेन आणावी लागेल." आता नाताळच्या बुटांसाठी तिने पैसे पाठवले, आणि लिआंग म्हणत होता की मिळालेच नाहीत. शुक्रवारपर्यंत आले नाहीत तर माल दुसऱ्याला जाणार होता.

अहामेफुलाने काळा चष्मा चढवला. दुकानात आधीच अंधार होता, त्यामुळे तो खुर्चीला धडकला.

"बाई, तुम्ही योग्य दारात आलात. पन्नास डॉलर अ‍ॅडव्हान्स. माझ्या वॉलेटचा पत्ता कार्डावर छापलाय."

मॅडमने कार्ड समोर धरून पन्नास डॉलर पाठवले आणि डोळे पुसले.

"आता पुरावा बघू," अहामेफुला म्हणाला. "पैसे ज्या पत्त्यावर गेले तो कशाने सुरू होतो?"

"टी ने."

"आणि लिआंगचा?"

"टी ने."

"जुळलं!" या जातीचे सगळेच पत्ते टी ने सुरू होतात, हे त्याला माहीत नव्हतं. "शेवटची चार अक्षरं?"

"नऊ, मोठा एच, लहान क्यू, लहान झेड. लिआंगचीही तीच. मी पाठवताना बघितली होती ना."

आरियारियात सगळे तेवढंच बघतात. खातेनंबरासारखा चौतीस अक्षरांचा तो पत्ता कॉपी करायचा, चिकटवायचा, पहिला टी आणि शेवटची चार बघायची आणि पाठवून मोकळं व्हायचं. मधली एकोणतीस अक्षरं वाचणारा माणूस गल्लीत रिकामटेकडा समजला जातो.

"मग पैसे लिआंगलाच पोचले आणि तो खोटं बोलतोय," अहामेफुलाने निकाल दिला.

"पण तो तर लिहितो की हा माझा पत्ताच नाही," मॅडम म्हणाली.

"बघा! निर्दोष माणूस आधी रडतो. हा थेट पत्त्यावर घसरला."

बुधवारी सकाळी लिआंग संशयातून सुटला, कारण ग्वांगझूला जाऊन त्याला पकडायचं तर विमानाचं तिकीट लागणार होतं. मग संशय समोरच्या सिल्व्हेस्टरवर वळला. सिल्व्हेस्टर मॅडमचा धंद्यातला वैरी, आणि त्याने नुकताच फ्रीझर घेतला होता. अहामेफुला त्याच्या सोलांच्या ढिगामागे तीन तास दबा धरून बसला. फ्रीझर जुना होता, त्यात सासूने पाठवलेले मासे होते, आणि ढिगामागे गमाचा उघडा डबा होता. अहामेफुला परतला तेव्हा त्याच्या कोटाला मागच्या बाजूने बेचाळीस नंबरचा सोल चिकटलेला होता.

"हे धागेदोरे," तो म्हणाला.

"हा गम आहे," फिलोमिना म्हणाली. "आणि तो सोल सिल्व्हेस्टरला परत द्या, नाहीतर गल्लीत चोरी झाली असं खरंच म्हणावं लागेल."

संध्याकाळी त्याने तिसरा सिद्धांत मांडला. मॅडम उलोमानेच स्वतःचे पैसे चोरले! कारण त्याचे पन्नास डॉलर अजून आले नव्हते.

"मी पाठवले हो, ओगा!" मॅडम ओरडली. "पावती बघा! शेवटची चार अक्षरं बघा, तुमचीच आहेत!"

"शेवट माझा, पण पैसे नाहीत. जी बाई डिटेक्टिव्हला फसवते ती स्वतःलाही फसवू शकते."

"अबेग, हात जोडते, स्वतःला फसवून मी काय करू? स्वतःपासून पळून जाऊ?"

यावर त्याने रात्रभर विचार करायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी तो आला तेव्हा त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता की फिलोमिनाने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"असिस्टंट, बस. अंतिम अहवाल घे. आज चार वाजता गल्लीच्या युनियनपुढे वाचायचाय. लिही: सर्व संशयितांना बाद केल्यावर प्रश्न उरतो तो एकच. कॉम्प्युटर कोणाचा?"

तिने टाइप केलं.

"उत्तर: फिलोमिना न्वोगू हिचा. तिच्याच यंत्रातून पैसे गेले. तिनेच ते मधल्यामध्ये वळवले. सबब तिच्या दुकानाला आजच टाळं ठोकावं. थांबलीस का? स्पेलिंग येत नाही?"

फिलोमिनाची बोटं थांबली होती खरी. बावीस वर्षांत तिने चोरांचे, दरोडेखोरांचे, एका बनावट पाद्र्याचेही जबाब टाइप केले होते. स्वतःवरचा आरोप टाइप करायची पाळी पहिल्यांदाच येत होती, आणि तीही फुकट! तिला रडू नाही आलं, संताप आला. या गल्लीत तिच्याजवळ नावाखेरीज काही नव्हतं. युनियनचा अध्यक्ष वाचलेल्या कागदावर विश्वास ठेवणारा माणूस होता. आज त्याने टाळं लावलं तर उद्या तिच्याकडे झेरॉक्सलाही कुणी फिरकणार नव्हतं.

"ओगा, आरोपी मी, आणि टायपिस्टही मीच?"

"व्यक्तिगत घेऊ नकोस. तू असिस्टंट म्हणून उत्तम आहेस. आणि लिआंगचा पत्ता त्याच्या ईमेलमधून कॉपी करून इथे चिकटव. अहवाल कसा परिपूर्ण हवा."

तिने कॉपी केलं, चिकटवलं, अहवाल आणि लिआंगचा ईमेल दोन्ही छापले. फुकटचं काम ती तपासत नसे, पण यात तिचं नाव होतं. ती बाकावर बसली, दोन कागद शेजारी ठेवले आणि पट्टी काढली.

तेवढ्यात मॅडम उलोमा आली. उरलीसुरली सगळी पुंजी तिने वॉलेटमध्ये भरली होती.

"शेवटचे चोवीसशे, दा. हे गेले तर मी दुकान बंद करून भावाच्या घरी भांडी घासणार."

"माझ्या नजरेखाली पाठवा," अहामेफुला म्हणाला आणि तिच्या मागे उभा राहिला. "कॉपी करा. चिकटवा. पहिलं?"

"टी."

"शेवटची चार?"

"नऊ, मोठा एच, लहान क्यू, लहान झेड."

"उत्तम. पाठवा!"

बाकावर फिलोमिनाची पट्टी तिसऱ्या अक्षरावर अडली होती. ईमेलच्या कागदावर मोठा के. अहवालात लहान एम. पुढचं अक्षरही वेगळं, त्याच्या पुढचंही. आधी तिला वाटलं आपली चूक, आणि लाजेने कान तापले. मग तिच्या लक्षात आलं की हा पत्ता तिने टाइप केलाच नव्हता. तो कॉपी करून चिकटवला होता, आणि चिकटवण्यात चूक होते कशी?

"हात उचल, उलोमा!" ती अशी ओरडली की समोरचा सिल्व्हेस्टर माशाचा तुकडा हातात घेऊन धावत आला. "कशालाही हात लावू नको!"

तिने मॅडमला खुर्चीवरून उठवलं आणि कोऱ्या पानावर प्रयोग केला. 'शुभ सकाळ' कॉपी केलं, 'शुभ सकाळ'च चिकटलं. लिआंगचा पत्ता कॉपी केला, चिकटला दुसराच. टी ने सुरू होणारा, शेवटची चार तीच, आणि मधलं सगळं परकं.

"म्हणजे पत्ता कॉपी केला की हे यंत्र तो बदलतं?" मॅडमने विचारलं.

"यंत्र नाही. यंत्रात बसलेला कुणीतरी. आपण दोन टोकं बघतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून टोकं जुळणारा स्वतःचा पत्ता निवडून घालतो." फिलोमिनाने कोपऱ्यातल्या हिरव्या कुलपाकडे बोट दाखवलं. "ओगा, हे कधी बसवलंत?"

"महिना झाला."

"त्याआधी उलोमाचे पैसे कधी हरवले होते?"

"कधीच नाही," मॅडम म्हणाली.

"फुकट कुठून मिळाला हा?"

"एका परोपकारी संकेतस्थळावरून," अहामेफुला म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मांजराच्या पायांसारखा झाला.

फिलोमिनाने इंटरनेटची वायर उपटली. मॅडमने धाकट्या बहिणीचा फोन मागवला, आपल्या स्तोत्रांच्या पुस्तकात लिहून ठेवलेले बारा गुप्त शब्द काढले आणि वॉलेट त्यात उघडलं. अहामेफुला खांद्यावरून डोकावू लागला, तेव्हा सिल्व्हेस्टरने त्याला बाहेर नेऊन रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. मग फिलोमिनाने ईमेलच्या कागदावर पट्टी धरून चौतीसच्या चौतीस अक्षरं मोठ्याने वाचली, मॅडमने एकेक हाताने टाइप केलं, आणि मग मॅडमने वाचलं आणि फिलोमिनाने ताडलं. लहान की मोठं यावरून दोघींचं एकदा भांडणही झालं. आधी पाच डॉलर पाठवले. दहा मिनिटांनी लिआंगचं उत्तर आलं की पाच मिळाले, बाकीचे कुठे आहेत? बाकीचे गेले. तेही मिळाले. मॅडम मटकन बाकावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. पहिले चोवीसशे मात्र गेले ते गेलेच.

अहामेफुला आत आला. त्याने कोट झटकला.

"मी हा सापळा मुद्दाम लावला होता. चोर उघड्यावर यावा म्हणून."

"तुमचे पन्नास डॉलरही सापळ्यातच का?" फिलोमिनाने विचारलं आणि हात पुढे केला. "कार्ड द्या. तुमच्या वहीत लिहून ठेवलेला खरा पत्ताही द्या."

कार्डावरचा पत्ता त्याने स्वतः कॉपी करून चिकटवला होता. तिने पट्टी धरली. टी बरोबर. शेवटची चार बरोबर. अहामेफुला जिंकल्यासारखा हसला.

"बघ! माझाच आहे!"

तिने पट्टी मधल्या भागावर सरकवली आणि न जुळणारं एकेक अक्षर त्याला बोटाने दाखवलं. तीन आठवड्यांत त्याने पाचशेपैकी चारशे ऐंशी कार्डं आरियारियाभर वाटली होती. शेळीवाले, नवरेवाल्या, लग्नवाले, सगळ्यांना त्याने फी चोराच्या वॉलेटवर भरायला सांगितलं होतं.

"तरीच," तो हळूच म्हणाला, "सगळे म्हणायचे पाठवले, पाठवले."

साडेतीन वाजले होते. फिलोमिनाने वायर न जोडताच अहवाल नव्याने टाइप केला. वरचं लेटरहेड तेच ठेवलं, "नजर घारीची, मेंदू वकिलाचा" सकट. खाली सहीची जागाही तीच ठेवली. मधला मजकूर तिने स्वतः लिहिला, छापला, आणि मग बाकावर बसून, पट्टी धरून, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कागदासारखा अक्षर न् अक्षर तपासला. एकही चूक नव्हती.

"ओगा, युनियनला जायची वेळ झाली. एकदा वाचून सही करता?"

अहामेफुलाने काळा चष्मा चढवला. वर स्वतःचं नाव बघितलं, खाली स्वतःचं नाव बघितलं आणि झोकात सही ठोकली.

"परिपूर्ण," तो म्हणाला. "चल, असिस्टंट. अध्यक्षांना मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवतो."

"तुम्हीच वाचा," फिलोमिना म्हणाली आणि पट्टी पिशवीत ठेवली. "मी ऐकायला येते."